ससा एकाच्या हाती, पारधी हजारो

१७ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या एका विद्यापीठाच्या संगणकाला तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली. त्याने हा शोध चालवणाऱ्या उपक्रमाच्या सर्व्हरला तसं कळवलंही. पण सर्व्हरकडून माणसांना जायला हवी होती ती सूचना काही गेली नाही. ७ जानेवारी २०१६ला नेहमीची देखभाल चालू असताना ती नोंद नजरेस पडली, तेव्हा कुठे आनंदीआनंद झाला. २ कोटी २३ लाख अंकांची ती संख्या जवळजवळ चार महिने कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

शोध प्रा. कर्टिस कूपर यांच्या नावावर लागला आणि त्याला ३,००० डॉलरचं बक्षीस होतं. पण हे बक्षीस नेमकं कशाचं? संगणक विद्यापीठाचा, प्रोग्रॅम जॉर्ज वोल्टमन यांचा, आणि तपासायची संख्या सर्व्हरने नेमून दिलेली. वोल्टमन यांनी १९९६मध्ये सुरू केलेला ‘गिंप्स’ हा उपक्रम असाच चालतो. जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देतात आणि सर्व्हर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक घातांक देतो. २चा तेवढा घात करून त्यातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते का, ते पाहायचं.

तपासण्याची तेव्हाची कृती शाळकरी मुलालाही समजेल अशी होती. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि हेच पुन्हा. कूपर यांच्या संगणकाने हे ७ कोटी ४२ लाख वेळा केलं, सलग ३१ दिवस. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर पडद्यावर सोळा चिन्हांची एक निरर्थक ओळ उमटते. गिंप्समध्ये राबणाऱ्या बहुतेकांनी जन्मात तीच ओळ पाहिलेली असते. त्यांच्याही संगणकाने तितकेच वर्ग केले आणि तितकीच वीज खाल्ली. फक्त त्यांच्या वाट्याला आलेला घातांक भाकड निघाला. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात, पण इथे ससा कुणाच्या हाती द्यायचा ते रानच ठरवतं.

थोडा हिशेब करू. एका तपासणीत मूळ संख्या सापडण्याची शक्यता दहा लाखांत एक धरली, तर ३,००० डॉलरच्या बक्षिसातला आपला ‘वाटा’ सेंटच्या एक तृतीयांशाहून कमी भरतो. उलट १०० वॉट खाणारा संगणक दिवसाला २.४ युनिट वीज जाळतो. पैशांसाठी हे करणारा माणूस हिशेबात कच्चा म्हणायचा. आणि हे लोक हिशेबात कच्चे खचितच नसतात!

मग बक्षिसाने काय साधतं? लक्ष वेधलं जातं, हे कबूल. संगणकजगातल्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेने दहा लाख अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी ५०,००० डॉलर ठेवले होते, ते २०००मध्ये दिले गेले. एक कोटी अंकांसाठीचे १,००,००० डॉलर २००९मध्ये गिंप्सला मिळाले. दहा कोटी अंकांसाठी १,५०,००० डॉलर अजून पडून आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे. दहा कोटी अंक हवेत तर घातांक ३३ कोटींच्या पुढचा लागतो. घातांक वाढला की वर्गांची संख्या वाढते आणि प्रत्येक वर्गाला लागणारा वेळही वाढतो, म्हणून एकूण काम साधारण घातांकाच्या वर्गाच्या प्रमाणात फुगतं. कूपर यांच्या संगणकाला ३१ दिवस लागले असतील, तर तसल्याच यंत्राला या एका तपासणीला दीड वर्षाहून जास्त लागेल. मोठ्या आकड्याला भुलून जुना लॅपटॉप या कामाला जुंपणाऱ्याचं चाळीस टक्क्यांवर अडकलेलं काम कुणाच्याच उपयोगाचं नसतं. त्याने साधे, जवळचे घातांक तपासले असते तर उपक्रम पुढे तरी सरकला असता.

मूळ संख्येच्या बाबतीत एक बरं आहे. ‘सापडली’ म्हणून थाप मारता येत नाही, कारण दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तपासता येतं. गुप्त लिपीतला संदेश उलगडणाऱ्या किल्लीचंही तसंच, लागली तर लागली. परग्रहावरचा संदेश शोधणाऱ्या सेटी ॲट होममध्ये ही सोय नव्हती. तिथे बहुतेक सगळ्या कामाचं उत्तर ‘काही नाही’ असंच यायचं, आणि ‘काही नाही’ तर गणित न करताही पाठवता येतं. १९९९मध्ये तो उपक्रम सुरू झाला, लाखो लोक आले, आणि जास्त काम करणाऱ्यांच्या क्रमवारीत वर चढण्यासाठी काहींनी प्रोग्रॅममध्ये फेरफार करून पोकळ निकाल पाठवायला सुरुवात केली. बक्षीस एका दमडीचंही नव्हतं! नुसत्या नावापुढच्या आकड्यासाठी ही तऱ्हा, मग रोकड ठेवली असती तर काय झालं असतं?

उपाय महागडा होता. एकच काम दोघातिघांना द्यायचं आणि उत्तरं जुळली तरच गुण द्यायचे. म्हणजे दान मिळालेली निम्मी ताकद चोर पकडण्यात खर्च. अर्थात बिघडलेली यंत्रंही यातच पकडली जातात, त्यामुळे सगळा दोष चोरांच्या माथी मारता येत नाही. गिंप्सलाही अनेक वर्षं प्रत्येक तपासणी दोनदा करावी लागे. २०२०पासून प्रोग्रॅम उत्तरासोबत गणिती पुरावाही पाठवू शकतो आणि तो पडताळायला मूळ कामाच्या मानाने नगण्य वेळ लागतो. माझ्या मते स्वयंसेवकांसाठी ठेवलेल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा या एका युक्तीने विज्ञानाचं जास्त भलं केलं.

पैसे आले की दानाची चवही बदलते. इस्रायलमध्ये झालेल्या आणि २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शाळकरी मुलं घरोघरी देणगी गोळा करत होती. एका गटाला मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का आणि तिसऱ्याला १० टक्के मिळणार होते. सर्वांत जास्त देणगी फुकट फिरणाऱ्यांनी आणली, आणि सर्वांत कमी १ टक्कावाल्यांनी. स्वीडनमधला २००८मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग रक्तदानाचा. मोबदला नसताना ५२ टक्के स्त्रिया रक्तदाता होण्याआधीच्या तपासणीला तयार होत्या, ५० क्रोनर देऊ केल्यावर ३० टक्केच उरल्या. तीच रक्कम धर्मादाय संस्थेला देण्याची मुभा मिळताच आकडा ५३ टक्क्यांवर गेला. पुरुषांवर मात्र असा ठळक परिणाम दिसला नाही, तेव्हा यावरून सर्वांना लागू होणारा नियम काढायला नको.

धर्मादायाची ही वाट संगणकवाल्यांना आधीच सापडली होती. ६४ बिटांची एक कूटकिल्ली शोधायला डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या अशाच उपक्रमाच्या ३,३१,२५२ सहभागींना १,७५७ दिवस लागले. बक्षीस होतं १०,००० डॉलर. सारखं वाटलं असतं तर माणशी तीन सेंट! त्याऐवजी किल्ली सापडलेल्याला १,००० आणि सर्वांनी मत देऊन निवडलेल्या सेवाभावी संस्थेला ६,००० अशी वाटणी ठरली होती. गिंप्सच्या २००९च्या एक लाख डॉलरांतही शोध लागलेल्या विद्यापीठाला निम्मी रक्कम, २५,००० धर्मादायाला, आणि उरलेल्या रकमेत आधीच्या मूळ संख्या शोधणाऱ्यांनाही हिस्सा होता. आधीच्यांना आठवण ठेवून दिलेला हा हिस्सा मला सर्वांत शहाणा वाटतो.

पैशांवाचून काय देता येतं, ते लोकांच्या संगणकांवर आकाशातले संकेत धुंडाळणाऱ्या आइनस्टाइन ॲट होमने २०१०मध्ये दाखवलं. सेकंदाला जवळजवळ ४१ गिरक्या घेणारा एक पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी फेकणारा मृत तारा, अमेरिकेतल्या आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या संगणकांनी हेरला, आणि शोध ‘सायन्स’ नियतकालिकात छापताना त्या तिघांचा नावानिशी उल्लेख झाला. २०२०मध्ये महासाथ आली तेव्हा प्रथिनांच्या घड्या तपासणाऱ्या फोल्डिंग ॲट होमकडे लोकांची अशी झुंबड उडाली की त्याची ताकद एक एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींच्या, पुढे गेली. बक्षीस कुणी मागितलं नाही. उलट सुरुवातीला सर्व्हरच कमी पडले, आणि काम मिळत नाही म्हणून लोक कुरकुरत होते.

ऑक्टोबर २०२४मध्ये गिंप्सला पुन्हा ससा मिळाला, ४ कोटी १० लाख अंकांचा. ल्यूक ड्युरँट यांनी १७ देशांतली हजारो ग्राफिक्स यंत्रं क्लाउडवर भाड्याने घेऊन या कामाला लावली होती. त्या भाड्यापुढे ३,००० डॉलर म्हणजे किस झाड की पत्ती. ती रक्कम त्यांनी आपण जिथे शिकलो त्या अलाबामातल्या शाळेच्या गणित विभागाला द्यायचं जाहीर केलं.