गव्हर्नरचा पगार कोणी द्यायचा? : अमेरिकी वसाहतींतील ब्रिटिश राजवटीची पार्श्वभूमी

सन १७६३ पर्यंत ब्रिटनची अमेरिकी वसाहतींवरील सत्ता बरीचशी कागदोपत्रीच होती. बहुतेक वसाहतींचा गव्हर्नर राजा नेमत असे, तेथील विधानसभांचे कायदे लंडनला रद्द करता येत आणि व्हर्जिनियाची तंबाखू आधी ब्रिटिश बंदरातच उतरवावी लागे. मात्र गव्हर्नरचा पगार बहुतांश ठिकाणी विधानसभाच मंजूर करीत असे. नाक दाबले की तोंड उघडते, हे या सभांना पक्के ठाऊक होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १७२८ साली आलेल्या गव्हर्नर विल्यम बर्नेट यांनी लंडनच्या आदेशावरून कायमस्वरूपी पगार मागितला, तेव्हा सभागृहाने वेळोवेळी अनुदान देण्याची तयारी दाखवली, पण स्वतःला बांधून घेण्यास साफ नकार दिला. वाद मिटण्यापूर्वीच, १७२९ मध्ये बर्नेट यांचे निधन झाले.

लंडननेही फारसे ताणले नाही. परकीय मळीवर १७३३ पासून गॅलनमागे ६ पेन्स जकात होती, तरी न्यू इंग्लंडचे (ईशान्येकडील वसाहतींचे) रम गाळणारे कॅरिबियनमधील फ्रेंच बेटांवरील मळी चोरून आणत आणि जकात अधिकारी काणाडोळा करीत.

फ्रान्सविरुद्धच्या सप्तवार्षिक युद्धात (१७५६-६३) कॅनडा मिळाला, पण राष्ट्रीय कर्ज सुमारे १३ कोटी पौंडांच्या घरात गेले. त्यामुळे १७६४ मध्ये मळीवरील जकात निम्म्यावर आणून वसुली कडक करण्यात आली. जकात घटूनही असंतोष वाढला, यातच सारे आले. पुढच्या वर्षीच्या मुद्रांक कायद्याने वर्तमानपत्रे, दस्तऐवज, इतकेच नव्हे तर पत्त्यांचे जोड आणि फासेही कराखाली आणले. तो १७६६ मध्ये मागे घेतला गेला.

खरी मेख १७६७ च्या, ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करांत होती. काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांवरील उत्पन्नातून गव्हर्नर व न्यायाधीशांचे पगार देण्याची त्यांत तरतूद होती, म्हणजे विधानसभांच्या हातचे एकमेव हत्यारच जाणार होते. चहाखेरीजचे कर १७७० मध्ये उठले. तरीही १७७२ पासून मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर हचिन्सन यांचा पगार जकातीतून होऊ लागला. अडचणीत आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला सावरण्यासाठी १७७३ च्या कायद्याने तिचा चहा स्वस्त केला, पण एक पौंड वजनामागे ३ पेन्सचा कर तसाच ठेवला. बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबरला संतप्त वसाहतवाल्यांनी ३४२ पेट्या चहा पाण्यात फेकला.

त्याची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेचे वरिष्ठ मंडळ निवडून येण्याऐवजी राजनियुक्त झाले आणि गावसभांना गव्हर्नरची परवानगी लागू लागली. त्याच शरद ऋतूत वूस्टरसारख्या गावांत जमावाने न्यायालये भरू दिली नाहीत. बोस्टनबाहेर गव्हर्नरचा शब्द चालेनासा झाला.