मृगातला धूसर ठिपका: वायू की तारे?

मृग नक्षत्र ओळखायला फारसं शिकावं लागत नाही. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि बाणाची रेषा पुढे नेली की व्याध. चौकोनातले तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य सगळ्यांच्याच ओळखीचे. पण दुर्बिणी आल्यापासून हे नक्षत्र गाजलं ते बाणाच्या दक्षिणेकडच्या एका धूसर ठिपक्यामुळे. काळोख्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

तरीही गॅलिलिओने १६१० च्या पुस्तकात याच भागातले कितीतरी नवे तारे रेखाटले आणि या ठिपक्याबद्दल चकार शब्द काढला नाही! त्याच वर्षी फ्रान्सच्या पेरेस्कने तो दुर्बिणीतून पाहिला, पण ती नोंद छापलीच गेली नाही. डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये तो स्वतंत्रपणे टिपला, १६५९ मध्ये त्याचं चित्र प्रसिद्ध केलं. पुढे १७६९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएच्या धूसर ठिपक्यांच्या यादीत त्याला ४२ वा क्रमांक मिळाला. म्हणून तो एम४२.

खरा वाद पुढचा. हा वायूचा ढग, की फार दूर असल्याने एकमेकांत मिसळलेले तारे? आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉसने १८४५ मध्ये ७२ इंची आरशाची दुर्बीण उभी केली आणि या ठिपक्यात, म्हणजे मृगातल्या तेजोमेघात, सुटे तारे दिसत असल्याचं सांगितलं. अनेकांना ते पटलं. एवढ्या मोठ्या आरशापुढे शंका कोण काढणार?

निकाल लागला तो त्याहून कितीतरी लहान दुर्बिणीला जोडलेल्या वर्णपटदर्शकाने, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणाने. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये आधी दुसऱ्या एका तेजोमेघाचा आणि पाठोपाठ मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यांसारखा सलग पट्टा नव्हता, मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. अशा सुट्या रेषा तापलेला विरळ वायू देतो. म्हणजे वायूच.

मात्र त्यांतल्या दोन हिरव्या रेषा कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. मग ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं आणि ते साठेक वर्षं टिकलं. १९२७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेनने दाखवलं की त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. प्रयोगशाळेतल्या वायूत अणू सतत एकमेकांवर आदळतात, त्यामुळे हा प्रकाश बाहेर पडण्याआधीच त्यांची ऊर्जा निघून जाते. तेजोमेघ इतका विरळ, की तिथल्या अणूंना तेवढी सवड मिळते. तिथले इलेक्ट्रॉन हुसकावणारी अतिनील किरणं येतात मुख्यतः मध्यभागच्या ट्रॅपेझियम या ताऱ्यांच्या चौकडीतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याकडून. तोही त्याच ढगातून जन्मलेला आहे.