वाई : पोहोचमार्ग आणि स्थानिक प्रवास

वाई हे महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व तीर्थक्षेत्र. ते कृष्णाकाठी, सातारा शहराच्या उत्तरेस सु. ३५ किमी., तर पुण्याच्या दक्षिणेस सु. ९० किमी. अंतरावर वसले आहे. पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग (क्र. ४८, पूर्वीचा क्र. ४) गावातून जात नाही. त्यावरून पुण्याकडून येणाऱ्यास सुरूर फाट्याला, तर साताऱ्याकडून येणाऱ्यास पाचवडला वळावे लागते. दोन्ही ठिकाणांहून वाई दहा-बारा किमी. आत आहे. परक्या प्रवाशाची अडचण बहुधा याच शेवटच्या टप्प्यात होते.

प्राचीन मार्ग व नावाचा प्रश्न : स्थानिक परंपरेनुसार वाई म्हणजे महाभारतातील विराटनगरी. गावाजवळच्या पांडवगड व वैराटगड या किल्ल्यांची नावे त्यासाठी पुढे केली जातात. कर्नाटकातील हानगल येथेही असाच दावा आहे. मात्र महाभारतातील विराट हा मत्स्य देशाचा राजा, आणि मत्स्य जनपद राजस्थानात जयपूरच्या परिसरात होते, हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. त्यामुळे जयपूरजवळचे बैराट, जेथे अशोकाचे लेख मिळाले, तेच विराटनगर मानणे अधिक सयुक्तिक ठरते. वाईजवळचे दोन्ही किल्ले शिलाहार राजा दुसरा भोज (बारावे शतक) याच्याकडे जोडले जातात. तेव्हा किल्ल्यांची नावे कथेवरून पडली असावीत, नावांवरून कथा सिद्ध होत नाही. लोहारे येथील बौद्ध लेण्यांवरून मात्र येथील वस्ती व वर्दळ बरीच जुनी असावी, असे दिसते. घाटमाथा चढून कोकणाकडे उतरणाऱ्या वाटांचा वाई हा पायथा होता, हे त्याचे एक कारण संभवते.

याच संदर्भात अफझलखानाच्या वाटेचा प्रश्न येतो. १६५९ मध्ये त्याचा तळ वाईस होता. तेथून तो पसरणीच्या बाजूने पठारावर चढून रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरला, असे सामान्यतः मानले जाते. आजचा पसरणी घाटाचा मोटाररस्ता म्हणजे तीच वाट, असे समजणे मात्र धाडसाचे आहे. गाडीरस्त्याला मंद चढ लागतो, म्हणून तो वळणे घेत डोंगराच्या कुशीतून नेतात. पायवाट व बैलांच्या तांड्याची वाट सोंडेवरून थेट चढते. एकच घाट म्हटला, तरी दोन्हींची रेषा एक नसते.

रेल्वे : सर्वांत जवळचे स्थानक पुणे–मिरज मार्गावरील वाठार (सु. ३० किमी.) हे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग मीटरमापी रूपात सुरू झाल्यावर महाबळेश्वरास जाणारे प्रवासी वाठारला उतरून टांग्याने वाईमार्गे वर जात. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभी मार्ग रुंदमापी झाला, पण वाठारचे ते महत्त्व मोटारगाड्यांनी त्याआधीच संपवले होते. सर्व जलद गाड्या वाठारला थांबत नाहीत, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. सातारा स्थानकावर थांबणाऱ्या गाड्या अधिक आहेत. परंतु ते स्थानक माहुलीच्या बाजूला, शहरापासून पाच-सहा किमी. दूर आहे. तेथून रिक्षाने सातारा एसटी स्थानक व मग वाईची गाडी, असे दोन टप्पे करावे लागतात. पुण्याहून येणाऱ्याने रेल्वेचा विचार न केलेला बरा.

एसटी : पुण्यात स्वारगेटहून वाईच्या थेट गाड्या सुटतात, तसेच स्वारगेट–महाबळेश्वर गाड्या वाई व पाचगणीवरूनच जातात. चूक होते ती सातारा, कोल्हापूर किंवा सांगलीच्या गाडीत ‘वाटेतच आहे’ म्हणून बसल्याने. या गाड्या गावात शिरत नाहीत. वाहकाने थांबा दिलाच, तर प्रवासी सुरूर फाट्यावर उतरतो. दिवसा तेथून वडाप (प्रवासी वाटून भाडे देतात ती खासगी जीप) किंवा मागून येणारी एसटी मिळते, मात्र रात्री उशिरा हमी नसते. विनाथांबा गाडी फाट्यावरही थांबत नाही आणि प्रवासी थेट साताऱ्यास पोहोचतो. म्हणून गाडीची पाटी पाहावी आणि ‘वाईवरून जाते का?’ असे वाहकास चढण्यापूर्वीच विचारावे. महिलांना व ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते, ७५ वर्षांवरील प्रवाशांस प्रवास विनामूल्य आहे. वयाचा पुरावा जवळ लागतो.

खासगी वाहन : पुण्याकडून येताना खंबाटकी घाट चढून उतरावा लागतो, तर परतताना बोगदा लागतो. बोगद्यातून पुण्याच्या दिशेला बाहेर पडताच उतार व इंग्रजी ‘एस’सारखे वळण एकत्र येते. येथे झालेले अपघात मुख्यतः वेग न आवरल्याचे आहेत, त्यामुळे बोगद्यातच वेग उतरवावा. नव्या जुळ्या बोगद्यांच्या कामामुळे या भागातील वाहतुकीची रचना बदलती असते, म्हणून जुन्या सवयीवर न जाता फलक पाहावेत. पुणे–वाई मार्गात खेड शिवापूरचा टोलनाका लागतो, आनेवाडीचा लागत नाही. तो पाचवड व साताऱ्याच्या दरम्यान आहे. ऊस गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आतील रस्त्यांवर असतात. अंधारात मागची ट्रॉली उशिरा दिसते, म्हणून या दिवसांत वाईत सूर्यास्तापूर्वी पोहोचणे शहाणपणाचे.

पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट बारा-तेरा किमी.त साडेपाचशे मी.हून अधिक चढतो. उतरताना चढाचाच गिअर ठेवावा, सतत ब्रेक दाबल्यास ते तापून निकामी होतात. पावसाळ्यात दाट धुके व दरडी, मे महिन्यात व दिवाळीच्या सुटीत कोंडी, हे ठरलेले आहे.

गावात : जुने वाई पायी फिरण्याचे गाव आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह व भीमकुंड या आळ्या कृष्णेवरील आपापल्या घाटांना लागून आहेत आणि पत्ता आजही पेठ-आळीने सांगितला जातो. मोटार गणपती घाटापर्यंत नेण्याचा आग्रह धरू नये. बोळ अरुंद आहेत व समोरून गाडी आल्यास मागे घेणे कठीण जाते. महागणपती (ढोल्या गणपती) मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून. ही योजना शोभेची नाही. कृष्णेचे पाणलोट पश्चिमेस अतिवृष्टीच्या डोंगरात आहे, वाई त्या मानाने पर्जन्यछायेत. त्यामुळे गावात ऊन असताना नदी चढते आणि धोम धरणातून विसर्ग सुरू झाला की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावरही शेवाळामुळे त्या आठवडे निसरड्या राहतात.

परिसर : मेणवली (सु. ३ किमी.) येथे नाना फडणीसांचा वाडा व वसईच्या मोहिमेतून (१७३९) आणलेली घंटा आहे. तेथे रिक्षा ठरवताना परतीचे व थांबण्याचे भाडे आधीच बोलावे, परतीस रिकामी रिक्षा मिळेलच असे नाही. धोम येथील नृसिंह मंदिर त्याच फेरीत होते. भोरकडून मांढरदेवमार्गे येणारा घाटरस्ता एरवी उपयुक्त आहे, परंतु पौषी पौर्णिमेच्या काळूबाई यात्रेत तो टाळावा. २५ जानेवारी २००५ रोजी या यात्रेतील चेंगराचेंगरीत सु. तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. रंगपंचमीस बावधनचे बगाड निघते. बैलांनी ओढायचा तो गाडा थांबत थांबत चालतो, म्हणून त्या दिवशी बावधनच्या बाजूने वेळेत पोहोचण्याचा हिशेब करू नये.