हॅवलॉकच्या गेस्ट हाऊसखालची जमीन

मराठी माणूस पूर्वी अंदमानला जायचा तो सेल्युलर जेलसाठी. ४ जुलै १९११ रोजी सावरकर जिथे पोहोचले, ती कोठडी पाहायची, संध्याकाळी जेलच्या आवारातला ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहायचा, आणि वेळ उरला तर हॅवलॉकला बोटीने धावती चक्कर मारायची. पुष्कळ सहलींत आजही हाच क्रम असतो. स्वयंपाकी सोबत, पोळी-भाजी सोबत, आणि बेटावर मुक्काम झालाच तर एका रात्रीचा.

नागपुरात हे चित्र बदललं त्यामागे एक सरकारी आदेश आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना एलटीसीवर, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासासाठी मिळणाऱ्या सरकारी खर्चावर, अंदमानला विमानाने जायची सवलत दिली. ज्यांच्या पदाला एरवी विमानप्रवास लागू नव्हता, त्यांनाही ती मिळाली. पुढे तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली. आयकर, महालेखाकार, डाक, भारतीय खाण ब्यूरो अशा खात्यांमुळे नागपुरात केंद्र सरकारी नोकरीतली घरं भरपूर. ही कुटुंबं सहल कंपनीशिवाय, आपली आपण जाऊ लागली, आणि हॅवलॉकला, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपावर, दोन-तीन रात्री राहू लागली. राहायचं कुठे? तर नारळ-सुपारीच्या बागेतल्या चार-सहा खोल्यांच्या गेस्ट हाऊसमध्ये. मागच्या बाजूला मालकाचं घर, जेवणात भात आणि माशाचा झोल, म्हणजे बंगाली पातळ रस्सा.

ही बाग आली कुठून, हे मला या मुक्कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लाखो हिंदू शेतकरी भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या छावण्या भरून गेल्या. तेव्हा त्यांतली काही कुटुंबं बोटीने अंदमानला न्यायचं ठरलं. पहिल्या तुकड्या १९४९ मध्ये दक्षिण अंदमानात उतरल्या. १९५० च्या दशकात हॅवलॉकवर वसाहत झाली, पुढच्या दशकात शेजारच्या नील बेटावर. कुटुंबामागे साधारण १० एकर जमीन मिळे: ५ एकर भातासाठी सपाट, ५ एकर डोंगरउताराची. सपाट म्हणायची एवढंच, कारण आधी जंगल तोडावं लागे. उतारावर नारळ आणि सुपारी लागली. गावांना गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी कृष्णभक्तीची नावं पडली, तर नीलवर रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. पाहुण्यांना जागा सांगताना मात्र अजूनही गावाच्या नावाऐवजी नंबर तीन, नंबर पाच, नंबर सात असंच सांगतात.

विदर्भातल्या वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. याच लोंढ्यातली कुटुंबं १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. आज गडचिरोलीतल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावं आहेत, धान आहे, मासळीची तळी आहेत. छावणीत शेजारी असलेल्यांपैकी एकाला समुद्र मिळाला आणि दुसऱ्याला प्राणहिता-वैनगंगेकडचं जंगल. समुद्र मिळालेल्याच्या बांधावर पुढे पर्यटक आले. मुलचेऱ्याकडे कोणी सुट्टी घालवायला जात नाही, आणि नागपूरहून तर ते अंदमानपेक्षा कितीतरी जवळ आहे.

अंदमानातली ही जमीन त्याआधी रिकामी होती असंही नाही. हॅवलॉक ज्या रिची द्वीपसमूहात येतं, तिथे अकर-बाले नावाचे आदिवासी राहत. १८५८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत उभारली, तिच्यासोबत रोगराई आली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जमात संपली. बेटांना नावं मिळाली ती १८५७ चा उठाव चिरडणाऱ्या हॅवलॉक आणि नील या सेनाधिकाऱ्यांची. ती ३० डिसेंबर २०१८ ला बदलली. नील आता शहीद द्वीप आहे.

पर्यटन या बागांत शिरलं ते १९९० च्या दशकात, पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या परदेशी तरुणांच्या रूपाने. त्यांना भारी हॉटेल नको होतं. बांबूची झोपडी, मच्छरदाणी आणि दोन वेळचं जेवण पुरे. शेतकऱ्याने सुपारीच्या झाडांत दोन झोपड्या बांधल्या, घरातल्या बाईने चार ताटं जास्त वाढली, इतकी ती सुरुवात साधी होती. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने राधानगरला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली. निकोबारमध्ये हाहाकार झाला. हॅवलॉकचं नुकसान त्या मानाने कमी होतं, पण पाहुणे थांबले. नंतर परतले ते मुख्यतः भारतीय, कुटुंबासह. त्यांना एसी आणि स्वतंत्र बाथरूम हवं होतं. झोपड्या गेल्या, सिमेंटच्या खोल्या आल्या.

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली. ती स्वराज द्वीपालाही जोडते. त्याआधी इंटरनेट इतकं रखडत चाले की खोली फोनवरच ठरायची आणि पैसे रोख द्यावे लागायचे. केबलने बुकिंग सोपं झालं, पण बुकिंगच्या संकेतस्थळांवर छोट्या मालकाला मोठ्या रिसॉर्टशेजारी उभंही केलं. २०१८ पासून राधानगरलाच पंचतारांकित हॉटेल आहे.

नागपूरहून जाणाऱ्याला तिथली काही गणितं आधी कळलेली बरी. घड्याळ आपलंच, पण बेट आपल्यापेक्षा सुमारे १४ अंश पूर्वेला, म्हणून सूर्य तासभर आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास किनारा अंधारू लागतो. वीज मुख्यतः डिझेलवर बनते, पीठ, डाळ, कांदे जहाजाने येतात, त्यामुळे साध्या ताटाचाही भाव चढा असतो. उन्हाळ्यात गोड्या पाण्याची ओढाताण असते, आणि आपल्या शाळांना सुट्टी नेमकी तेव्हाच लागते. बादलीभर पाण्यात अंघोळ उरका असं मालकाने सांगितलं तर त्याला कंजूष समजू नये.

वसाहतवाल्यांची तिसरी पिढी आता दोन वाटांनी चालली आहे. काही जण गेस्ट हाऊस स्वतः चालवतात, मुलगा जेट्टीवर पाहुणे घ्यायला येतो, सून हिशेब बघते. काहींनी जमीन काही वर्षांच्या कराराने बाहेरच्या व्यावसायिकाला दिली आहे. तिथे पाटी बागेच्याच नावाची असते, व्यवस्थापक मात्र बाहेरचा आणि आचारीही. खोली ठरवताना फोनवर एवढंच विचारावं: मालक तिथेच राहतात का, आणि जेवण घरात बनतं का. उत्तर हो आलं, तर आपला पैसा ज्यांनी ती जमीन कसली त्यांच्याच हातात पडतो. मी तरी तीच खोली घेईन, पंखा जुना असला तरी.