आज्ञाधारकपणा, ख्रिस्ती : संकटकाळातील वाढ (नाशिकच्या संदर्भात)

देवाची इच्छा ओळखून ती मनापासून पाळणे, याला ख्रिस्ती श्रद्धेत आज्ञाधारकपणा म्हणतात. नियम मोडला नाही एवढ्याने तो पुरा होत नाही. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, असे शमुवेल संदेष्टा शौल राजाला सुनावतो (१ शमुवेल १५:२२), ते याच अर्थाने.

संकटाशी त्याचे नाते इब्री लोकांस पत्रात (५:८) सांगितले आहे. ख्रिस्त पुत्र असूनही सोसलेल्या दुःखातून आज्ञाधारकपणा शिकला, असे तिथे म्हटले आहे. हे वचन पचायला जड आहे. देवपुत्राला शिकायचे काय उरले होते? पकडले जाण्याआधीचा गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचला की थोडा उलगडा होतो. दुःखाचा प्याला टळावा म्हणून येशू आधी विनवतो, मग पित्याच्या इच्छेला मान तुकवतो आणि पुन्हा जाऊन तीच प्रार्थना करतो. देवापुढे गाऱ्हाणे घालणे हा आज्ञाभंग ठरत नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे तर तक्रारीचीच आहेत. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘सोसत राहा’ म्हणून घरी परत पाठवणारा सल्ला इब्री पत्रातल्या याच वचनाच्या नावावर दिला जातो. त्याला बायबलचा आधार नाही. प्रेषितांनी तर यहुदी न्यायसभेपुढे उभे राहून, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे ठणकावले होते (प्रेषितांची कृत्ये ५:२९).

ही वाढ दिसते ती मुख्यतः रोजच्या कामांत. यिर्मया संदेष्टा बाबेलमध्ये नेलेल्या यहुदी बंदिवानांना पत्र लिहितो तेव्हा घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे सांगतो (यिर्मया २९). सुटकेची वाट पाहत हात बांधून बसण्याला त्यात जागा नाही.

नाशिकमध्ये या शिकवणीचा इतिहास शरणपूरपासून सांगता येतो. आज शरणपूर रोड म्हटले की कॅनडा कॉर्नरकडची दुकाने आणि वाहनांची गर्दी डोळ्यांपुढे येते. पण हे मूळचे चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनने १८५४ मध्ये वसवलेले ख्रिस्ती गाव. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलेही पुढे इथे आणली गेली. त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकवले जाई. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मदतीसाठी निघालेल्या तुकडीतून तो १८७२ मध्ये आफ्रिकेत गेला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय तिथेच पुरले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर मजकूरही त्यानेच कोरला. मग चुमा आणि सुसी या लिव्हिंग्स्टनच्या जुन्या आफ्रिकी सोबत्यांच्या पुढारपणाखाली या मंडळींनी दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट तुडवून शव किनाऱ्याला पोहोचवले. मिशनरी लेखनात याला ‘इमानी नोकरांची सेवा’ म्हणून गौरवले गेले. हे वर्णन तोकडे आहे, कारण हुकूम देणारा माणूस तेव्हा हयातच नव्हता. निर्णय त्यांनी आपापसांत विचार करून घेतला होता.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. काही काळ त्या वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही सोवळेओवळे पाळत राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नाही हे स्वतःला पटले तेव्हाच त्यांनी तो सोडला, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे निमूट जाण्याला त्या काळी आज्ञाधारकपणाच म्हटले असते. त्यांचा आज्ञाधारकपणा खटके उडवत, प्रश्न विचारत आलेला होता, म्हणून टिकला. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य थोडेच लिहून झाले होते. उरलेले बहुतेक अध्याय, शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी रचले. त्यांचे अखेरचे दिवस नाशकातच गेले (मृत्यू १९३६).

अलीकडची कसोटी करोनाची. २०२० मध्ये ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आला तेव्हा चर्चना कुलपे होती. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. एकत्र जमणे सोडू नका (इब्री १०:२५) ही आज्ञा मोठी, की शेजाऱ्याच्या जिवाला जपणे मोठे, असा पेच देशोदेशींच्या मंडळ्यांपुढे होता. एरवी पाळकावर सोपवलेली प्रार्थना घरातल्यांच्या वाट्याला आली: कोणी वचन वाचायचे, कोणी गीत सुरू करायचे, आजारी शेजाऱ्याच्या दाराशी डबा कोणी ठेवायचा, हे घरोघरी ठरवावे लागले.

नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीतल्या यात्रेला दुरून भाविक येतात. त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. अनेकजण नवस बोलतात, फेडतात. नवसात माणूस मागतो आणि देवाने ऐकावे अशी अपेक्षा असते. आज्ञाधारकपणात ऐकण्याची पाळी माणसाची. प्रत्यक्षात ही रेघ इतकी स्वच्छ नसते. मुलाच्या दुखण्यासाठी मेणबत्ती लावायला आलेली आई दोन्ही एका दमात करते, आणि तिला त्यात विसंगती वाटत नाही.