अंगठ्यापर्यंतचं अंतर

पुण्यात हनुमान टेकडीवर सकाळी एक काका बाकावर टाच टेकवतात आणि पायाचा अंगठा धरायला पुढे झुकतात. हात चार बोटं कमी पडतो. मग झटके सुरू होतात: एक, दोन, तीन. प्रत्येक झटक्याला दात-ओठ खाणं आलंच. याला ते ‘आपला योगा’ म्हणतात.

स्नायूची लांबी किती आणि ती किती वेगानं बदलतेय, हे टिपणारे बारीक संवेदक स्नायूतच असतात. स्नायू अचानक ताणला की खबर मज्जारज्जूकडे जाते आणि तिथूनच, मेंदूला न विचारता, आखडून घ्यायचा हुकूम सुटतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच यंत्रणेमुळे. म्हणजे काका एका हातानं दार ओढतायत आणि दुसऱ्या हातानं कडी लावतायत. तेच सावकाश ताणून तीसेक सेकंद थांबलं, तर विरोध बराच मवाळ होतो. चांगलं स्ट्रेचिंग हेच करतं. गंमत अशी, की पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी लवचिकता स्नायू लांब झाल्यामुळे फारशी येत नाही. मज्जासंस्था तेवढा ताण निमूट सोसायला शिकलेली असते.

मग योगासनात वेगळं काय? पुण्यातच मॉडेल कॉलनीत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची संस्था 1975पासून आहे. त्यांच्या पद्धतीत हात पोहोचत नसेल तर तळव्यांना पट्टा लावतात. पाठीचा कणा वाकवून अंगठा गाठण्याला तिथे किंमत नाही. वर सूचना येते, ‘गुडघ्याची वाटी वर ओढा.’ वाटी वर ओढली की मांडीचे पुढचे स्नायू आवळतात आणि मज्जारज्जू मागच्या स्नायूंना ढील द्यायला सांगतो. अर्थात हे जिममधले ट्रेनरही करून घेतात, ती काही योगाची मक्तेदारी नाही.

खरा फरक मला श्वासात दिसतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, कारण त्या वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा लगाम घट्ट होतो. मिनिटाला साधारण 6 संथ श्वास घेतले, तर नाडी आणि रक्तदाब यांचे चढउतार एका लयीत येतात. पतंजलीच्या सूत्रात आसन म्हणजे ‘स्थिरसुखम्’, आणि लगेच पुढे ‘प्रयत्नशैथिल्य’. ताणण्याचा तिथे उल्लेखही नाही! शरीरात नेमकं काय घडतं हे तपासायला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि यौगिक क्रियांची क्ष-किरणांनी तपासणी केली.

तरीही योगाभिमान्यांनी एक निकाल ऐकून घ्यावा. जुनाट कंबरदुखीच्या 228 रुग्णांवरचा एक अमेरिकी प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. काहींना 12 आठवडे योगवर्ग, काहींना स्ट्रेचिंगचे वर्ग, तर उरलेल्यांच्या हाती नुसतं माहितीचं पुस्तक. दोन्ही वर्गांतले लोक पुस्तकवाल्यांपेक्षा सुधारले. एकमेकांच्या तुलनेत मात्र कुणीच सरस ठरलं नाही. दुखणं कमरेपुरतंच असेल, तर नीट केलेलं स्ट्रेचिंगही चालतं.

घरी पाहायचं तर पाय पसरून पुढे वाका आणि श्वासाकडे लक्ष द्या. तो कोंडला, तर बोटभर मागे या. परवा काकांनाही हे सुचवलं. न थांबता ते म्हणाले, “श्वास काय, घरी गेल्यावरही घेता येतो. आधी हा अंगठा!”