विद्युत अपघटनाने केस काढणे

नको असलेल्या केसाच्या मुळापर्यंत बारीक सुई सरकवून, तिच्यातून वीजप्रवाह सोडून केस उगवणारा भागच नष्ट करण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात ‘इलेक्ट्रोलिसिस’ हाच शब्द रुळला आहे. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगने केस उपटला जातो, पण मूळ शाबूत राहून तो पुन्हा उगवतो. इथे मुळावरच उपाय होतो.

पद्धतीचा उगम मात्र सौंदर्योपचारात नाही. आत वळलेले पापणीचे केस बुबुळाला घासून फार त्रास देतात. अमेरिकेतील सेंट लुइसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी असे केस विजेच्या साहाय्याने कायमचे काढल्याचे 1875 मध्ये प्रसिद्ध केले.

त्यांनी वापरला तो गॅल्व्हानिक, म्हणजे एकदिश प्रवाह. सुई ऋणाग्र असते आणि धनाग्र रुग्णाच्या हातात धरायला देतात. केशपुटकातल्या, म्हणजे केस ज्या बारीक पिशवीतून उगवतो तिच्यातल्या ओलाव्यात मीठ असतेच. प्रवाहाने तिथे दाहक सोडा तयार होतो आणि तो केस उगवणाऱ्या पेशी जाळतो. मिठाच्या पाण्याच्या अपघटनाचेच हे रसायन. थर्मोलिसिस या दुसऱ्या प्रकारात उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण होऊन त्या पेशी नष्ट होतात. हे काम झटपट होते. ‘ब्लेंड’ या तिसऱ्या प्रकारात दोन्ही प्रवाह एकत्र वापरतात.

सारे कसब सुई घालण्यात आहे. त्वचा पुसून, भिंगातून पाहत, ती दोन बोटांनी किंचित ताणतात. केस ज्या कोनात बाहेर आला आहे त्याच कोनात सुई आत सरकते. ती केसासाठी आधीच असलेल्या वाटेने जाते, त्वचा भोसकत नाही. अडथळा लागला तर दिशा चुकली असे समजावे. टोचल्यासारखी किंवा चटका बसल्यासारखी कळ येते. वरच्या ओठावर ती जास्त जाणवते. मग चिमट्याने धरलेला केस लोण्यातून निघावा तसा अलगद आला पाहिजे. ओढ लागली तर तो नुसताच उपटला गेला, आणि तो परत येणार. ही खूण रुग्णालाही ठाऊक असावी.

एका बैठकीत भागत नाही. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, आणि त्या अवस्थेतल्या केसावरच उपचाराचा परिणाम चांगला होतो. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने बैठका होतात. हनुवटीसारख्या छोट्या भागालाही वर्ष-दीड वर्ष लागू शकते. मधल्या काळात केस उपटायचे नाहीत, कापले तर चालतात. पीसीओएससारख्या संप्रेरकांच्या तक्रारीत शेजारच्या लवेचे नवे जाड केस होत राहतात. अशा वेळी मूळ आजारावर उपचार झाले नाहीत, तर इलेक्ट्रोलिसिस फसल्याचा गैरसमज होतो.

लेझरला केसातला काळा रंग लागतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. इलेक्ट्रोलिसिसला केसाच्या आणि त्वचेच्या रंगाचे बंधन नाही. प्रवाह जास्त झाला किंवा सुई चुकली तर मात्र सावळ्या त्वचेवर काळे डाग राहतात, क्वचित व्रणही. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असावी. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच नको. पेसमेकर असलेल्यांनी हा उपचार टाळावा आणि जखमेवर केलॉइड (वाढत जाणारा जाड, उंच व्रण) उठणाऱ्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना आधी विचारावे. नंतर काही तास लाली व सूज राहते. बारीक खपल्या धरल्या तर त्या नखाने काढू नयेत, आणि डाग पडू नयेत म्हणून उन्हापासून त्वचा जपावी.